जागा रिकामी ठेवायची नाय

आमची बॅच वर्षातून एकदा जमते. कुणाचं गुडघ्यांचं हॉस्पिटल आहे, कुणाचं डोळ्यांचं. एक जण तर डॉक्टरकी सोडून द्राक्षं एक्सपोर्ट करतो आणि आम्हा सगळ्यांपेक्षा सुखी दिसतो. पहिला अर्धा तास मुलांच्या ॲडमिशनमध्ये जातो. मग कुणीतरी ‘अरे, तुला आठवतं का’ म्हणतं आणि किश्शांना सुरुवात होते. डॉक्टरच्या टेबलाच्या खणात औषधांची सॅम्पल्स साठतात ना, तसे हे किस्से साठतात. टाकवत नाहीत आणि एक्सपायरी बघायला कुणाला वेळ नसतो.

माझे सगळे किस्से एका उन्हाळ्यातले आहेत. बायकोला पाठ आहेत. मी सुरुवात केली की ती ‘झालं, निघाला पेठला’ म्हणते आणि चहा टाकायला उठते. पण खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात नक्की काय चाललं होतं, हे मला अजूनही पुरतं कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. फायनलच्या आधी आम्हाला उन्हाळ्यात खेड्यातल्या दवाखान्यात ट्रेनिंगला पाठवायचे. ज्यांचा वशिला होता त्यांना सिन्नर मिळालं, घोटी मिळालं. शनिवारी निघायचं, रात्री घरी जेवायचं. मला मिळालं पेठच्या पुढचं, डोंगरातलं, जिथे शेवटचा टप्पा काळीपिवळी जीपच्या टपावर बसून जावं लागायचं.

ह्या ट्रेनिंगवर माझं सगळं अडलेलं होतं. कॉलेजातल्या देशमुख सरांच्या विषयात मी एकदा गटांगळी खाल्ली होती. सरांनी जाताना बोलावून बजावलं होतं की मी न सांगता तिथे येणार, खुर्चीत दिसला नाहीस तर टर्म पुन्हा करायची. घरी वडिलांनी त्याहून साधं सांगितलं. गंगापूर रोडच्या पुढे आमची शेती, भाजीपाला आणि फुलं. वडील म्हणाले, मागे पडलास तर झेंडू तोडायला ये, हल्ली माणसं मिळत नाहीत. ते गंमत करत नव्हते. सकाळी दव पडलेला झेंडू तोडून माझे हात लहानपणापासून हिरवे झालेले होते आणि मला ते परत हिरवे करून घ्यायचे नव्हते.

दवाखान्याचे प्रमुख होते काळे सर. उंच, वाळलेले, कमी बोलणारे. त्यांची शिकवायची पद्धत दोन शब्दांची होती. काहीही विचारा, उत्तर एकच.

“बघ, कळेल.”

मी उन्हाळाभर बघत होतो.

* * *

पहिल्याच दिवशी ओपीडीत ही गर्दी! बाकांवर माणसं, खाली माणसं, दारात माणसं. काळे सर कुठल्याशा मीटिंगला गेलेले. मी इस्त्रीचा ॲप्रन घातला, स्टेथोस्कोप गळ्यात टाकला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या माणसाला विचारलं, काय होतंय?

तो म्हणाला, कायबी नाय.

दुसऱ्याला विचारलं. त्यालाही काही नाही. तिसरा, चौथा, ओळीनं सगळे ठणठणीत. मला कळेना की मी कुठे येऊन पडलो. शेवटी मी उभा राहून मोठ्यानं विचारलं की तुमच्यात पेशंट कोण आहे?

त्यांच्यातला एक म्हातारा पुढे आला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मागच्या बाजूनंही पाहिलं.

“पेशंट घरी हाय. त्याला झोळीत घालून दोन डोंगर आणावं लागतं. आधी बघायला आलो, डाक्टर हाय का नाय.”

मग तो इतरांकडे वळून म्हणाला, “बारका हाय, पण हाय.”

सगळे उठले आणि गेले. पेशंटला त्यांनी दुसऱ्या दिवशी बरोबर आणलं. पण पहिल्या दिवशी त्या ओपीडीत तपासणी फक्त माझी झाली होती. त्या दिवसापासून पंचक्रोशीत माझं नाव ‘बारके डाक्टर’ पडलं.

* * *

एक दिवस एक तगडा गडी आला. ताप येतो म्हणाला, थंडी वाजते म्हणाला, तोंडाला चव नाही म्हणाला. मी थर्मामीटर लावला, ताप नाही. जीभ बघितली, स्वच्छ. नाडी माझ्यापेक्षा चांगली. मी त्याला पुन्हा सगळं विचारलं आणि त्यानं पुन्हा तेच सगळं न अडखळता सांगितलं. मी बुचकळ्यात पडलो. पुस्तकात अशा आजाराला काय म्हणतात ते आठवेना.

तरी रक्त तपासावं म्हणून सिस्टरांना हाक मारली. आमच्या सिस्टर नाशिकरोडच्या, बारा गावचं पाणी प्यायलेल्या. त्यांनी गड्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, ताप कुणाला आहे?

“भावाला,” तो म्हणाला. “तो राब भाजतोय. आज सोडता येत नाय. म्हणून मी आलो सावडीला. सुई मला द्या.”

राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात ते. आणि सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या शेतात. त्या डोंगरात सगळं सावडीवर चालायचं. घर शाकारणं सावडीवर, लाकडं आणणं सावडीवर. दुखणं तेवढं का बाहेर ठेवायचं, असा त्याचा सरळ हिशेब होता. मी त्याला अर्धा तास समजावलं की भावाची सुई तुला टोचून भावाचा ताप उतरत नाही. तो सगळं ऐकून घेत होता, मान डोलावत होता.

मग शेवटी म्हणाला, “बरं, मग दोन द्या.”

* * *

एका अशक्त म्हाताऱ्याला मी गोळ्या लिहून दिल्या. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. पुस्तकात असंच असतं. तो गेला आणि थोड्या वेळानं परत आला. दारात उभा राहून विचार करत होता.

आम्ही दोनदाच जेवतो, तो म्हणाला, मग तिसऱ्या जेवणाचं काय करायचं?

आमच्या घरी तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा चहा-खारी, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो की बघा, जमवा काहीतरी. मला वाईट वाटलं आणि मी पुढचा पेशंट बोलावला.

पंधरवड्यानं म्हातारा दाखवायला आला तो ओळखूच येईना. गालावर मांस, डोळ्यांत चमक. मी गोळीचं नाव पुन्हा वाचून बघितलं. साधी लोहाची गोळी, एवढा गुण तिचा तिलाही माहीत नसावा. मग कळलं की डाक्टरनं सांगितलंय म्हटल्यावर पाड्यानं पाळी लावली होती. तिसरं जेवण रोज एकेका घरी! कुणी नाचणीची भाकरी, कुणी उडदाचं बेसन.

म्हाताऱ्याच्या मागे त्याच्याच वयाचे आणखी काही म्हातारे उभे होते. मी त्यांना काय होतंय ते विचारलं.

“कायबी नाय,” त्यांतला एक म्हणाला. “हीच गोळी लिहून द्या.”

* * *

आता सोमा भोयेचा किस्सा. हा सांगताना मला अजून घाम येतो.

सोमा म्हणजे पंचविशीचा गडी, मलेरियानं भरती झालेला. खिडकीजवळची खाट त्याची. मलेरियात पोटाच्या डाव्या बाजूची प्लीहा वाढते, हाताला लागते. विद्यार्थ्याला ती पहिल्यांदा आपल्या आपण सापडणं म्हणजे मोठी गोष्ट असते. मला सोमाच्या पोटात ती सापडली! एवढंच नाही, तर त्याचा ताप बघा. एक दिवस ताप, दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप. पुस्तकात मलेरियाचा ताप असाच एकाआड एक दिवस लिहिलेला असतो, पण प्रत्यक्षात इतका नीटनेटका ताप कुणी कधी बघितलेला नसतो. मी रोज त्याच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदाकडे प्रेमानं बघायचो.

एका सकाळी मी काळे सरांना मुद्दाम खाटेपाशी घेऊन गेलो. लेक्चर दिल्यासारखं सगळं सांगितलं. सरांनी पोटावर हात ठेवला, दाबलं, पुन्हा दाबलं.

“कुठाय?” ते म्हणाले.

मी हात घातला. प्लीहा नव्हती. काल संध्याकाळी होती! मी उजवीकडे शोधली, बेंबीपाशी शोधली. घोंगडी तोंडावर ओढून सोमा गुदगुल्या झाल्यासारखा हलत होता. सर म्हणाले, बघ, कळेल, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी प्लीहा परत जागेवर. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा गायब. मी रात्री पुस्तक काढून बसायचो. मला शंका यायला लागली की आपल्या हातातच काही दोष आहे. एवढी मोठी वस्तू ज्याला दिसाआड सापडत नाही त्यानं डॉक्टर व्हावं का? झेंडू निदान जागेवर तरी असतो.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एके दिवशी मी नेहमीप्रमाणे सकाळी जाऊन घोंगडीच्या आत हात घातला आणि आतून बांगड्या वाजल्या.

मी ओरडलोच. घोंगडी बाजूला झाली आणि आतून एक म्हातारी उठून बसली. ही भिमाबाई, सोमाची आई. बारीक, काटक, कपाळावर गोंदलेलं. मी ततपप करत विचारलं, सोमा कुठाय?

“लग्नाला गेलाय. मावसबहिणीचं हाय.”

“मग काल?”

“काल सोमाच व्हता. परवा गोविंदा व्हता, त्याचा भाऊ. सोमाला पाण्याची पाळी व्हती ना.”

म्हणजे घरचं काम निघालं की सोमा डोंगर चढून घरी जायचा आणि भाऊ खाटेवर येऊन झोपायचा. ताप सोमाला होता, दिसाआड दिसत होता तो भावाच्या पाळीमुळे. गोळ्यांचं मी घाबरत विचारलं. भावानं त्या खाल्ल्या नव्हत्या. सिस्टरांनी हातावर ठेवलेली गोळी तो गालात धरायचा, मग कनवटीला लावून सोमाला पोचवायचा. गोळी सोमाची, ती सोमालाच गेली पाहिजे, ह्याबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं.

मी विचारलं, पण खाटेवर कुणी झोपायची गरजच काय?

भिमाबाईनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मागे एकदा सोमाच्या बापाला दूरच्या मोठ्या दवाखान्यात नेला होता. तो जरा बाहेर झाडाखाली जाऊन बसला, तेवढ्यात त्याची खाट दुसऱ्याला गेली. मग तो शेवटपर्यंत व्हरांड्यात फरशीवरच होता. तिथनं तो घरी आला नाही.

“जागा रिकामी ठेवायची नाय, डाक्टर,” ती म्हणाली. “रिकामी दिसली का गेली.”

मी धावत काळे सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सर केसपेपर लिहीत होते. त्यांनी मान वर केली आणि मला वाटलं की पहिल्यांदाच ते हसले.

“कळलं ना?” ते म्हणाले.

* * *

मध्येच एकदा माझे वडील येऊन गेले. न कळवता. ओपीडीच्या रांगेत पांढरी टोपी दिसली, शेजारी टोमॅटोचं क्रेट, आणि मी वर बघतो तर वडील. जीपच्या टपावर बसून आले होते.

मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाले, मला काय होतंय. मग कशाला आलात? वडिलांनी इकडे तिकडे बघितलं. त्यांना खात्री नव्हती की मी खरंच इथे आहे. त्यांचा अंदाज असा होता की मी नाशिकमध्येच मित्राच्या खोलीवर पडलेला असेन.

“बघायला आलो, आहेस का,” ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या माणसानं समजुतीनं मान हलवली. “आमी बी तसंच आलतो,” तो वडिलांना म्हणाला.

टोमॅटो रांगेत वाटून झाले. जाताना वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. नीट खात जा म्हणाले. मग दोन पावलं जाऊन वळले आणि झेंडूची नवी लागवड धरल्याचं सांगून गेले.

* * *

आणि आता शेवटचा. ट्रेनिंग संपत आलं होतं. देशमुख सर अजून आलेले नव्हते, म्हणजे आता कधीही येणार होते. मी चहालासुद्धा खुर्ची सोडत नव्हतो.

अशात मला मलेरिया झाला.

भरती व्हायला खाट नव्हती. सोमाला त्या दिवशी घरी सोडायचं होतं. त्यानं स्वतःच घोंगडी झटकून खाट पुढे केली आणि मला तिच्यावर घातलं. ही खाट आपलीच हाय म्हणाला. काळे सरांनी गोळ्या दिल्या. माझे दात वाजत होते आणि मी सिस्टरांना एकच सांगत होतो की मला उठवा, खुर्चीत नेऊन बसवा, देशमुख सर येतील, माझी टर्म जाईल. सिस्टरांनी माझ्यावर आणखी एक ब्लँकेट टाकलं. पायथ्याशी भिमाबाई उभी होती. तिनं सिस्टरांना विचारलं की डाक्टर काय म्हणतात. सिस्टरांनी सांगितलं, ह्यांची जागा जाईल म्हणतात.

सकाळी पांढरी जीप आल्याचा आवाज झाला. मला कळलं, देशमुख सर. मी उठलो, भिंत धरत धरत ओपीडीच्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो.

माझ्या खुर्चीत भिमाबाई बसली होती. अंगात माझा ॲप्रन, बाह्या दुमडून कोपरापर्यंत आणलेल्या. गळ्यात माझा स्टेथोस्कोप. पाय जमिनीला टेकत नव्हते, हात मांडीवर. ती काही करत नव्हती. नुसती ताठ बसली होती. पेशंटची रांग शांतपणे काळे सरांच्या टेबलापुढून सरकत होती आणि रांगेतल्या कुणालाही ह्यात काही वावगं दिसत नव्हतं. समोर देशमुख सर उभे होते.

“ह्या कोण?” त्यांनी विचारलं. काळे सरांच्या कानांत स्टेथोस्कोप होता, ते एका मुलाची छाती ऐकत होते.

“बारके डाक्टर आजारी हायेत,” भिमाबाई म्हणाली. “त्यांच्या जागी मी.”

“म्हणजे तो गैरहजर.”

“गैरहजर कसा? मी हाय ना.”

देशमुख सर कॉलेजात कुणाचं ऐकून घेत नसत. ते रांगेकडे वळले आणि विचारलं की इथे असं चालतं का. रांगेला प्रश्नच समजला नाही. तिसरं जेवण जेवणारा म्हातारा रांगेत होता.

“मग काय जागा रिकामी ठेवायची?” त्यानं विचारलं.

तेव्हा सरांना मी दारात दिसलो. ते जवळ आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग वळून भिमाबाईकडे बघितलं. खिशातून पेन काढलं, हजेरीच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. जीप गेली.

भिमाबाई खुर्चीतून उतरली. ॲप्रन काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला.

“एक दिवस तुमच्यावर राहिला, डाक्टर,” ती म्हणाली. “आवणीला या.”

ट्रेनिंगमध्ये मी पास झालो. निकाल लागला तेव्हा पाऊस चांगला लागून राहिला होता आणि डोंगरात आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, ऐन भरात होती. वडिलांना सांगितलं, एक दिवसाची सावड फेडायचीय. वडिलांनी एक शब्द न विचारता मला आपलं इरलं काढून दिलं. कॉलेज बुडवून, भर ओपीडीच्या वारी, मी जीपच्या टपावर भिजत पोचलो आणि विचारत विचारत भोयेंच्या खाचरावर गेलो.

बांधावर भिमाबाई उभी होती. तिनं मला रोपांची जुडी दिली आणि कुठे उभं राहायचं ते बोटानं दाखवलं. मी पँट गुडघ्यावर दुमडून चिखलात उतरलो. माझ्या शेजारच्या ओळीत एक उंच, वाळलेला माणूस आधीच वाकून लावत होता. लावणी सरळ, हात सवयीचा. इरल्याखालचं तोंड दिसलं आणि मी तसाच उभा राहिलो. काळे सर!

“सर, तुम्ही?”

“माझीही राहिली होती एक,” सर म्हणाले.

मी चार रोपं लावली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आज कुठला वार आहे, आणि दवाखान्यात तर दुसरा डॉक्टरच नाही.

“सर, मग आत्ता ओपीडीत तुमच्या खुर्चीत कोण आहे?”

सरांनी मान वर केली नाही. पुढचं रोप चिखलात रोवलं, अंगठ्यानं दाबलं.

“बघ,” ते म्हणाले, “कळेल.”